गाणारा डबा आणि ऐकणारा माणूस

गेल्या चातुर्मासात अंत्रुज महालातील एका देवस्थानच्या महाजनांची बैठक भरली होती. आमचे मूळ गाव तेच असल्यामुळे आम्हीही बेळगावहून तिला हजर राहिलो होतो. तळीतील गाळ, दीपमाळेची रंगरंगोटी, पुराणिकांची बिदागी असे नित्याचे विषय संपले आणि शेवटी सोमवारच्या भजनाचा विषय निघाला. भजनाला माणसे मिळेनाशी झाली होती. पखवाज वाजविणारा तरुण आखातात नोकरीला गेलेला, त्याचा धाकटा भाऊ जहाजावर, आणि पेटीवर बसणारे वृद्ध गृहस्थ गुडघ्यांमुळे सभामंडपाच्या पायऱ्या चढू शकत नव्हते. तेव्हा एका उत्साही महाजनांनी खिशातून काड्यापेटीएवढा एक मीडिया प्लेअर काढून सतरंजीवर ठेवला. ते म्हणाले, “यात चार हजार अभंग आहेत. गाणारे सगळे नामवंत. ध्वनिक्षेपकाला जोडला की दोन तास निश्चिंती. सोमवार चुकला असे कोणी म्हणणार नाही.”

बैठकीत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, देवळात यंत्र वाजविणे हा विटाळच. दुसरा म्हणाला, देवळात विजेचे दिवे चालतात, ध्वनिक्षेपक चालतो, आरतीच्या वेळी नगारा आणि घंटा वाजविणारे विजेचे यंत्रसुद्धा कित्येक ठिकाणी चालते. मग या डब्यानेच काय पाप केले? दोन्ही पक्षांनी आमच्याकडे पाहिले. लिहिणाऱ्या माणसाजवळ उत्तर तयार असते, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो. आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही. याच जातीच्या एका डब्याने आमच्या स्वतःच्या घरात आम्हांला निरुत्तर केले होते, आणि तो हिशेब पुरा झाल्याखेरीज देवळाच्या हिशेबात बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटेना. तो हिशेब येथे मांडीत आहोत.

प्रथम या वस्तूला न्याय दिला पाहिजे. जिच्यातील गुण आपणांस दिसत नाहीत, तिच्या दोषांविषयी बोलणे हा न्याय नव्हे, राग होय.

खिशात गाणे घेऊन हिंडण्याची कल्पना फार जुनी नाही. १ जुलै १९७९ रोजी सोनी या जपानी कंपनीने ‘वॉकमन’ बाजारात आणला. पट्ट्याला अडकवावा एवढा तो कॅसेट वाजविणारा डबा आणि कानांवर चढवायची दोन हलकी कर्णफुले, एवढाच तो संसार. पुढे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी ‘एमपी३’ ही पद्धत सिद्धीस नेण्यात मोठा वाटा उचलला. आवाज फार मोठा असला की त्याच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. जे कानाला कळणारच नाही ते साठवायचे कशाला, या साध्या हिशेबाने त्यांनी ध्वनीचा पसारा सुमारे अकराव्या हिश्श्यावर आणला. त्यामुळे २००१ साली ॲपल कंपनीला पाच गिगाबाइटांच्या ‘आयपॉड’मध्ये एक हजार गाणी खिशात मावतील असे सांगता आले. आता तेही जुने झाले. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बनविणे थांबविल्याचे जाहीर केले, कारण मोबाइल फोनने त्याला गिळून टाकले होते. तरीही निव्वळ गाणे वाजविणारा डबा नाहीसा झाला नाही. सारेगामा कंपनीने २०१७ साली जुन्या रेडिओच्या घाटाचा, पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवाँ’ बाजारात आणला आणि ज्यांना फोनची काच पुसत बसण्याचा कंटाळा आहे अशा वडीलधाऱ्यांच्या उशापाशी तो जाऊन बसला.

या डब्याचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण असा की त्याला दार नाही. आपल्या गोमंतकातच पाहा. ज्या गायिकांचे नाव घेताना आज आपण कानाला हात लावतो, त्यांपैकी कित्येकींचा जन्म देवळांच्या सेवेत राहिलेल्या कलावंत समाजात झाला. त्यांचे गाणे समाजाला हवे होते. परंतु त्यांना मान देण्यास तोच समाज तयार नव्हता. त्यांचे गाणे ऐकायचे तर दरबार, सावकाराची बैठक किंवा देवळाचा उत्सव, एवढीच ठिकाणे. आणि तेथे कोण कोठे बसेल, कोण उभा राहील आणि कोणाला उंबरठ्याबाहेरूनच परतावे लागेल, हे ठरलेले असे. ध्वनिमुद्रणाने तो उंबरठा काढून टाकला. फोंडे तालुक्यातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचा आवाज आज शेतावरच्या मजुराला, चुलीपुढच्या गृहिणीला आणि कधीकाळी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले गेले नाही त्यांच्या नातवंडांना सारखाच ऐकू येतो. त्यांचे भैरवीतील साडेतीन मिनिटांचे गायन १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीवर आकाशात गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. गाणारी गेली आणि गाणे सूर्यमालेच्या पलीकडे निघून गेले. ज्या शास्त्राने हे घडविले त्याला विटाळ म्हणणे आम्हांस जमणार नाही.

दुसरा गुण असा की हा डबा थकत नाही आणि रागावत नाही. एकच तान शंभर वेळा ऐकविली तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या गावी गुरू नाही त्याला हे केवढे वरदान! गदगच्या भीमसेन जोशी यांनी बालवयात अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि असे आपल्याला गाता आले पाहिजे या एका ध्यासाने घर सोडले, ही कथा आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. तिचा उत्तरार्ध मात्र विसरू नये. त्या तबकडीने त्यांना तबकडीपाशी बसवून ठेवले नाही. तिने त्यांना घराबाहेर काढले, गावोगाव हिंडविले आणि अखेर सवाई गंधर्वांच्या दारी कुंदगोळला पाणी भरावयास लावले. ही गोष्ट पुढे आपल्या कामी येणार आहे.

तिसरा गुण रात्रीचा आहे. ज्याला झोप येत नाही, ज्याचे दुखणे पहाटे तीन वाजता वाढते, त्याच्याजवळ त्या घटकेला मुलगा नसतो, सून नसते, शेजारी नसतो. आणि असावे अशी अपेक्षा करणेही बरे नव्हे, कारण त्यांनाही सकाळी उठून कामे असतात. त्या वेळी हा डबा असतो. कूस पालटण्याइतक्याच श्रमात तो गाऊ लागतो. हा गुण आम्ही पुस्तकात वाचलेला नाही. आमच्या आतेने तो आम्हांस स्वतःच्या तोंडाने सांगितला.

आता दोष. लोक जे दोष नेहमी सांगतात ते खरे आहेत, परंतु आमच्या मते ते दुय्यम आहेत. कानांत बोंडे घालून मोठ्या आवाजात ऐकल्याने कान जातात हे खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचविली आहे आणि जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला असुरक्षित ऐकण्याचा धोका आहे असे म्हटले आहे. परंतु आवाज कमी करणे आपल्या हातात आहे. एमपी३मध्ये तंबोऱ्याची सूक्ष्म जवारी पुरेशी उतरत नाही, अशी जाणकारांची तक्रार असते. जास्त जागा घेणारे चांगले मुद्रण वापरले की तीही बरीचशी मिटते. देवळाच्या ध्वनिक्षेपकाला डबा जोडला तर शेजारच्या आजाऱ्याला त्रास होतो; त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचे बंधनही आहे. यंत्राचे जे दोष चावी फिरवून किंवा नियम करून दूर होतात, त्यांसाठी तत्त्वचिंतनाची गरज नाही.

आम्हांला जो दोष महत्त्वाचा वाटतो त्याची चाहूल खुद्द वॉकमनच्या कर्त्यांना लागली होती. सोनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत दिली आहे. नमुन्याचे यंत्र त्यांनी घरी नेऊन लावले, तेव्हा आपल्याला बाहेर ठेवल्यासारखे वाटून पत्नी नाराज झाली. एकट्याने संगीत ऐकत बसणे हा असभ्यपणा होईल असे त्यांना वाटले. म्हणून पहिल्या वॉकमनला कर्णफुले जोडण्याच्या दोन खोबण्या ठेवल्या होत्या, आणि ऐकता ऐकता दोघांना परस्परांशी बोलता यावे म्हणून आवाज मंद करणारे एक नारिंगी बटण बसविले होते. परंतु घेणाऱ्यांना दुसरी खोबण नकोच होती. प्रत्येकाला आपला स्वतंत्र डबा हवा होता. पुढच्या यंत्रांतून ते बटण गेले आणि दुसरी खोबणही गेली. यंत्राने आपल्याला एकटे केले असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. येथे तर यंत्राने दुसऱ्यासाठी जागा ठेवली होती आणि माणसांनी ती नाकारली.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही, तर आपण यंत्राला कोणाच्या जागी बसवितो याचा आहे. आणि ‘कोणाच्या जागी कोण बसू शकतो’ या प्रश्नाचा आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने विचार करून ठेवला आहे. जैमिनींच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘प्रतिनिधी’ची चर्चा येते. यज्ञासाठी जे द्रव्य सांगितले ते न मिळाले तर काय करावे? कर्म सोडून द्यावे काय? मीमांसक म्हणतात, नाही. मुख्य द्रव्य न मिळाल्यास त्याच्याशी मिळतेजुळते दुसरे घ्यावे. व्रीही नसेल तर नीवार, सोम नसेल तर पूतीक. आपले पूर्वज हटवादी नव्हते. वस्तू मिळाली नाही म्हणून कर्तव्य थांबू नये, एवढे व्यवहारज्ञान त्यांना होते. परंतु त्यांनी याच्या सीमाही आखल्या. देवतेला प्रतिनिधी नाही. अग्नीला नाही. मंत्राला नाही, क्रियेला नाही. आणि यजमानालाही प्रतिनिधी नाही, कारण कर्माचे फळ ज्याचे, कर्माचा स्वामी तोच.

यावर कोणी म्हणेल की यजमान तरी स्वतः काय करतो? मंत्र ऋत्विज म्हणतात, आहुती ऋत्विज टाकतात, आणि यजमान दक्षिणा देऊन मोकळा होतो. आक्षेप चांगला आहे. त्याचे उत्तर असे की बहुतेक सारे काम दुसऱ्याकडून करवून घेता येते. मात्र दोन गोष्टी यजमानाच्या स्वतःच्या राहतात. एक संकल्प आणि दुसरा त्याग. आहुती अग्नीत पडते तेव्हा ‘हे आता माझे नाही’ असे ज्याचे ते आहे त्यानेच म्हणावे लागते. दुसऱ्याच्या वस्तूवरचे स्वामित्व आपण कसे सोडणार?

या विचाराच्या उजेडात आम्ही डब्याकडे पाहिले, आणि बैठकीतील दोन्ही पक्षांना जे सापडत नव्हते ते आम्हांला थोडेसे दिसू लागले. गायकाच्या ऐवजी डबा हा व्रीहीच्या ऐवजी नीवार होय. गायक मिळत नसेल, दूर असेल, दिवंगत झाला असेल, तर डब्याने गावे. त्यात काही दोष नाही. परंतु भजनाला बसलेला माणूस देवाला जे देतो ते गाणे नव्हे. देवाला चांगल्या गाण्याची वाण आहे असे आम्हांस वाटत नाही. तो माणूस आपली सायंकाळ देतो. दुकान अर्धा तास आधी बंद करतो, मुलाला शेजारी ठेवतो, पाय दुखत असताना मांडी घालतो. त्या दोन तासांवरचे आपले स्वामित्व तो सोडतो. डब्याजवळ सोडण्यासारखे काहीच नाही. त्याचे दोन तास त्याचे नव्हतेच. म्हणून त्याच्याकडून ध्वनी मिळतो, त्याग मिळत नाही.

वास्को येथील दामोदर भजनी सप्ताहाचे उदाहरण घ्या. चोवीस तास अखंड भजन चालते आणि भजनी मंडळींचे गट पाळीपाळीने बसून ते खंडू देत नाहीत. आता कल्पना करा, पहाटे तीनच्या सुमारास मंडळी पेंगुळली असता कोणी हळूच एक प्लेअर लावून दिला. ध्वनी क्षणभरही खंडला नाही. एवढेच काय, त्या डब्याने चोवीस तासच नव्हे तर चोवीस महिने अखंड भजन केले असते. तरीही भजन खंडले, असेच आपण सारे म्हणू. का म्हणू? कारण जे अखंड राखायचे होते ते ध्वनीचे सूत्र नव्हतेच. एका माणसाने उठताना आपली जागा दुसऱ्याच्या हाती द्यायची, त्याने ती तिसऱ्याच्या हाती द्यायची, हे सूत्र अखंड राखायचे होते. पहाटे तीनचा तो पेंगुळलेला, बेसूर झालेला, तरीही न उठलेला माणूस हाच त्या सप्ताहाचा आधार आहे.

आता आमच्या घरातील गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या आतेचे घर त्याच देवळाच्या हाकेच्या अंतरावर. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि तेव्हापासून माजघरातल्या खाटेवर तिचा मुक्काम झाला. घरात एक कामाला येणारी बाई; पोटची मुले परदेशी. आम्ही एक शनिवाराआड बेळगावहून चोर्ला घाटाने जात असू. काही विशेष करीत नसू. तिच्या खाटेशेजारी बसायचे. ती लहानपणीच्या ओव्या, देवळात ऐकलेली जुनी पदे म्हणायची. मध्येच एखादा चरण विसरायची, मग आम्ही तो सुचवायचा. आमचा चुकला की ती दुरुस्त करायची. तिला बहुधा सगळे चरण येत होते आणि ती आम्हांला सुचवू देत होती, अशी शंका आम्हांस आता येते.

मग आम्ही तिच्यासाठी एक डबा घेतला. पुतण्याने त्यात अभंग, नाट्यपदे, विष्णुसहस्रनाम, सारे भरून दिले. आते हरखली. रात्री दुखणे वाढले की ती तो लावी. “पहाटेला तुम्ही कोणी नसता, हा असतो,” असे तिने आम्हांस सांगितले, आणि आम्हांला धन्य वाटले. येथपर्यंत सर्व ठीक होते. परंतु माणसाचे मन मोठे हिशेबी असते. तिच्यापाशी गाणे आहे, ती एकटी नाही, असा विचार मनात येऊ लागला. एक शनिवार चुकला. मग महिन्यातून एकदा जाणे होऊ लागले, पुढे दीड महिन्याने, पुढे दोन महिन्यांनी. आम्ही दूरध्वनी करीत असू, आणि त्यात आमचा पहिला प्रश्न असे, “आते, डबा चालतो ना?” ती म्हणे, “चालतो.” पहिला प्रश्न तिच्या प्रकृतीविषयी असावयास हवा होता, हे त्या काळात एकदाही आमच्या लक्षात आले नाही.

चैत्रात आम्ही गेलो तेव्हा तो डबा खाटेशेजारच्या फडताळावर धुतलेल्या रुमालाने नीट झाकून ठेवलेला होता. आम्ही बटण दाबले, तो मेलेला. त्यातील वीज संपून आठ दिवस झाले होते. आम्ही थोडे चिडूनच विचारले की कोणाला सांगितले का नाही, चार्जिंगला लावायला काय वेळ लागतो? आते म्हणाली, “तो लावायला माणूस बोलवावे लागते. आणि माणूस आले, तर मग डबा कशाला?” ती हसत होती. थोड्या वेळाने आमच्या हातावर हात ठेवून आपल्या कोंकणीत म्हणाली, “पुता, हें गायता, पूण आयकना.”

गाते, पण ऐकत नाही. डब्याचे गुणदोष सांगणारे याहून नेमके वाक्य आम्हांस कोठे आढळलेले नाही. आम्ही समजत होतो की तिला ऐकायला काहीतरी हवे आहे. तिला ऐकणारे कोणीतरी हवे होते. चरण विसरल्याचे सोंग करायचे तर समोर सुचविणारा हवा. डबा कधी सुचवीत नाही, आणि त्याचे काही चुकत नसल्यामुळे त्याला दुरुस्तही करता येत नाही. तिची त्या घरातली शेवटची वडिलकी आम्ही नकळत काढून घेतली होती.

येथे आम्हांला स्वतःची बाजू मांडण्याचा मोह होतो. घाट अवघड, पावसाळ्यात रस्ता बिकट, आमचेही वय झालेले. हे सारे खरे आहे. जाणे शक्य नव्हते त्या दिवशी डबा हा योग्य प्रतिनिधी होता. त्याबद्दल मीमांसकही आम्हांस दोष देणार नाहीत. परंतु ज्या शनिवारी जाणे शक्य होते आणि आम्ही गेलो नाही, त्या शनिवारी मुख्य उपलब्ध असताना आम्ही प्रतिनिधी पाठविला. तोही द्रव्याचा नव्हे, यजमानाचा. दोष डब्याचा नव्हता. आम्ही पैसे दिले होते, वेळ राखून ठेवला होता, आणि दिलेल्या पैशांनाच सेवा म्हणत होतो. त्यानंतर आम्ही पुन्हा एक शनिवाराआड जाऊ लागलो. ते जाणे चारच वेळा घडले. आषाढात आते गेली.

वाचक म्हणतील, हा विचार घरापुरता ठीक आहे, देवळाचे काय? तरुण आखातात गेले ते हौसेने गेले नाहीत. त्यांच्या पाठविलेल्या पैशांतूनच देवळाचे छप्पर दुरुस्त झाले. वृद्धांचे गुडघे दुखतात यात त्यांचा अपराध नाही. मग ज्या सोमवारी कोणीच नसेल त्या सोमवारी सभामंडप मुका ठेवायचा काय? हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. रिकाम्या देवळात एकटे भटजी निरांजन ओवाळीत आहेत आणि बाहेर पाऊस कोसळतो आहे, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला तत्त्वाच्या नावाखाली तेथे शांतता लादण्याचे धैर्य होणार नाही. तशा वेळी डबा वाजावा. भटजींनाही सोबत हवी असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की डबा लावण्यापूर्वी, मुख्य खरोखरच उपलब्ध नाही काय, हे दर वेळी विचारावे. एकदा ठराव करून कायमचे विचारणे बंद करू नये. ठरावाचा हाच धोका आहे. “सोमवार चुकला असे कोणी म्हणणार नाही” हे त्या महाजनांचे वाक्य आम्हांला म्हणूनच बोचले. चुकला असे कोणीतरी म्हटले पाहिजे. भजन न झाल्याची रुखरुख हीच उद्याच्या भजनाची बीजे राखते. डबा ती रुखरुख मिटवून टाकतो. पोट भरल्यासारखे वाटते आणि भूक मात्र मरते. त्याच डब्याने एखाद्या पोराला पखवाजाचा बोल ऐकवून गुरू शोधावयास घराबाहेर काढले, तर आम्ही त्याला नमस्कार करू. गदगच्या मुलाला त्या तबकडीने हेच केले. मुख्याकडे नेणारा प्रतिनिधी चांगला. मुख्याचा विसर पाडणारा वाईट. त्याची परीक्षा आवाजावरून होत नाही, तो बंद केल्यावर आपण काय करतो यावरून होते.

दिवाळीनंतर महाजनांची दुसरी बैठक झाली. तेव्हा आम्ही हेच सारे थोडक्यात सांगितले. विटाळवाल्या पक्षाला ते पटले नाही, कारण आम्ही डब्याला देवळात येऊ दिले. डबेवाल्या पक्षालाही पूर्ण पटले नाही, कारण आम्ही त्याला यजमानपद दिले नाही. अखेर असे ठरले की पहाटे भूपाळ्यांच्या वेळी आणि ज्या दिवशी खरोखर कोणी नसेल त्या दिवशी प्लेअर लावावा. सोमवारी सायंकाळी मात्र दोन माणसे जरी आली तरी तो बंद ठेवावा. गुडघेदुखीच्या त्या पेटीवाल्या गृहस्थांना चौघांनी खुर्चीसकट उचलून सभामंडपात आणावे, असेही एकाने सुचविले. त्याला मात्र एकमताने मान्यता मिळाली.

त्यानंतरच्या एका सोमवारी आम्ही मुद्दाम गेलो होतो. पाच माणसे होती. पखवाज नव्हताच; एक शाळकरी मुलगा झांज वाजवीत होता आणि दर चार-सहा आवर्तनांनी त्याचा ताल सुटत होता. पेटीवाले गृहस्थ वाजविता वाजविता मान वळवून त्याच्याकडे पाहात, मग तो पुन्हा तालावर येई. ऐकण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या चार हजार अभंगांपैकी कोणताही याहून सरस होता, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. प्लेअर भिंतीतल्या कोनाड्यात होता. एका पदाचा चरण पेटीवाले विसरले आणि क्षणभर सारे थांबले. तो चरण आम्हांला आतेमुळे ठाऊक होता. आम्ही तो सुचविला.